नमुन्यावर काम, हवाली मात्र अस्सल माल
व्हिडिओ संकलनातील प्रॉक्सी फाइलचा धडा

आमचे फोटो आणि व्हिडिओचे छोटे दुकान डहाणू तालुक्यातील चिखले गावी आहे. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. दुकान आम्ही दोघे भाऊ चालवतो. निकाह, वलीमा, हळद, साखरपुडा, शाळेचे स्नेहसंमेलन, असे जे काम येईल ते करतो. हल्ली वाडीवाले आणि दुकानदारही आपल्या मालाची दोन मिनिटांची चित्रफीत करून मागतात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा आपला माल लोकांना दाखवावा असे वाडीवाल्यांना वाटणे साहजिकच आहे.

व्हिडिओचा धंदा करणारे किंवा घरातील मुलगा या धंद्यात असलेले आपले अनेक वाचक असतील. एक अडचण त्या सर्वांची आहे. कॅमेरा ‘फोर-के’ झाला, मोबाइलही फोर-के झाला, पण दुकानातील संगणक जुनाच राहिला. संकलनाला बसावे तर चित्र अडखळते, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहते. एक तुकडा कापावा, मग चहा पिऊन यावे, अशी गत. आमचेही असेच झाले. चौकशी केली तेव्हा नव्या संगणकाचा भाव सव्वा लाखाच्या वर निघाला आणि हप्त्यांची भाषा सुरू झाली. लग्नसराईचे चार महिने सोडले तर एवढे हप्ते फेडायचे कशातून?

त्या वेळी मुंबईत संकलनाचे काम करून आलेल्या एका बुजुर्गांनी आम्हाला सांगितले, “मशीन नंतर बदला, आधी कामाची पद्धत बदला.” ती पद्धत म्हणजे प्रॉक्सी फाइल. ती आम्ही कशी शिकलो, त्यात कोठे चुकलो आणि एका चुकीची किंमत कोणी मोजली, हे या लेखात सांगतो.

संगणक का अडखळतो?

पहिले कारण आकाराचे. फोर-के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. नेहमीच्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. काम नेमके चौपट झाले. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एवढे ठिपके संगणकाला दर सेकंदाला २५ वेळा मांडावे लागतात.

दुसरे कारण मोठे आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नसते. कॅमेरा आणि मोबाइल बहुधा ‘एच-२६४’ किंवा ‘एच-२६५’ या पद्धतीने चित्र दाबून साठवतात. या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेले नसते. एक चित्र पूर्ण असते आणि त्यापुढील कित्येक चित्रांत केवळ फरक नोंदवलेला असतो.

व्यापाऱ्याला हे खातेवहीवरून चटकन कळेल. समजा, वहीत १ तारखेला शिल्लक लिहिली आणि पुढे रोज नुसता जमा-खर्च लिहीत गेलो. आता कोणी विचारले, “१७ तारखेला शिल्लक किती?” तर १ तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावे लागते. वही मात्र छोटी राहते. संगणक हेच करतो. तुम्ही मधल्याच एका चित्रावर बोट ठेवता आणि तो बिचारा मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडत येतो. सरळ पाहताना हे निभावते. संकलनात मात्र आपण सतत मागे-पुढे जातो, कापतो, जोडतो. तेथे त्याची दमछाक होते.

याउलट काही पद्धतींत रोजची शिल्लक रोज लिहिलेली असते, म्हणजे प्रत्येक चित्र स्वतंत्र आणि पूर्ण असते. अ‍ॅपलची ‘प्रोरेस’ आणि अ‍ॅव्हिडची ‘डीएनएक्स’ या अशा पद्धती. वही जाड होते, पण कोणतेही पान उघडले की उत्तर तयार.

प्रॉक्सी म्हणजे नमुना

कापडाचा घाऊक व्यापारी गिऱ्हाइकाकडे सगळे तागे घेऊन जात नाही. तो नमुन्यांची वही नेतो. प्रत्येक नमुन्यावर क्रमांक असतो आणि तोच क्रमांक गोदामातील ताग्यावर असतो. निवड, भाव, सौदा सगळे नमुन्यावर होते. माल जातो तो गोदामातून.

प्रॉक्सी फाइल हा मूळ चित्रीकरणाचा असा नमुना आहे. संगणक प्रत्येक मूळ फाइलची एक लहान, हलकी नक्कल तयार करतो. तुम्ही कापाकापी त्या नकलेवर करता. कोठे कापले, काय जोडले, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवते. काम पूर्ण झाले की त्याच नोंदीप्रमाणे मूळ फाइलींतून अंतिम चित्रफीत निघते. मूळ फाइलीला संकलनात धक्का लागत नाही आणि ग्राहकाला मिळणाऱ्या चित्रात काडीचा उणेपणा येत नाही.

ही युक्ती संगणकापेक्षा जुनी आहे

आमच्या किनाऱ्याला पडद्याचे काम परके नाही. घोलवडहून गाडीत बसले की बोर्डी रोड आणि त्यापुढे उंबरगाव रोड. त्या उंबरगावात रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले आणि १९८७ सालापासून ती घराघरांत पाहिली गेली. याच रेल्वेमार्गावर आणखी वर बिलिमोरा आहे. तेथून मुंबईत आलेल्या मेहबूब खान यांनी १९५७ साली ‘मदर इंडिया’ दिला. त्याचे संकलन शम्सुद्दीन कादरी यांचे होते.

त्या काळी सिनेमा फिल्मवर निघत असे आणि कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह एकच असे. तिच्यावर ओरखडा पडला तर तो प्रत्येक प्रतीत उमटे. म्हणून प्रयोगशाळेत निगेटिव्ह धुऊन तिच्यावरून एक कामचलाऊ प्रत काढत. तिला रश प्रिंट म्हणत. संकलक ती प्रत कापे, चिकटपट्टीने जोडे, पुन्हा सोडवे, पुन्हा जोडे. प्रत मळली, चरे पडले, तरी फिकीर नसे. निगेटिव्हच्या कडेला ठरावीक अंतरावर छापलेले क्रमांक रश प्रिंटवरही उतरलेले असत. संकलन पक्के झाले की त्या क्रमांकांवरून निगेटिव्ह कापली जाई, तीही हातमोजे घालून, आणि एकदाच.

पुढे १९८९ साली अ‍ॅव्हिड कंपनीने संगणकावरील संकलनयंत्र बाजारात आणले. तेव्हा संगणकाची डिस्क फार महाग होती. म्हणून चित्रे हलक्या दर्जात संगणकात भरून संकलन करत, कापलेल्या जागांची यादी काढत आणि त्या यादीवरून मूळ टेपमधून अंतिम प्रत बनवत. रश प्रिंट, हलक्या दर्जाची चित्रे आणि आजची प्रॉक्सी, तिन्हींचा नियम एकच : हात लावायचा तो नकलेला, अस्सल जपून ठेवायचे आणि क्रमांक चुकू द्यायचा नाही.

जागेचा हिशेब

प्रॉक्सी फुकट होत नाही. तिला डिस्कवर जागा आणि तयार व्हायला वेळ लागतो. हिशेब आधी करावा.

समजा, कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने फोर-के चित्र लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, मिनिटाला ७५० मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट. एका निकाहाचे दोन कॅमेऱ्यांचे मिळून पाच तासांचे चित्रीकरण झाले तर २२५ गिगाबाइट मूळ माल झाला.

त्याच्या फुल एचडी प्रॉक्सी ‘डीएनएक्सएचआर एलबी’ या हलक्या प्रकारात केल्या तर सेकंदाला २५ चित्रांना सुमारे ३६ मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला सुमारे १६ आणि पाच तासांना सुमारे ८१ गिगाबाइट. मूळ आणि प्रॉक्सी मिळून ३०६. म्हणजे ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर दुसऱ्या लग्नाला जागा उरत नाही.

जागा फारच कमी असेल तर १२८० गुणिले ७२० आकाराच्या, सेकंदाला १० मेगाबिटच्या एच-२६४ प्रॉक्सी कराव्यात. पाच तासांना साडेबावीस गिगाबाइट पुरतात. फरकाची वही येथेही आहे, पण ठिपके फोर-केच्या नवव्या हिश्शाएवढेच असल्याने जुना संगणकही ती पेलतो.

काम कसे करावे?

सॉफ्टवेअर कोणतेही असो, क्रम हाच ठेवावा.

१. कॅमेऱ्याचे कार्ड आधी डिस्कवर उतरवावे आणि त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करावी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये.

२. फोल्डरला ग्राहकाचे नाव आणि तारीख द्यावी, फाइलींना हवी ती नावे आत्ताच द्यावीत. प्रॉक्सी झाल्यावर मूळ फाइलीचे नाव बदलू नये, फोल्डर हलवू नये. नाव बदलणे म्हणजे ताग्यावरचा क्रमांक पुसणे.

३. मोबाइलचे चित्रीकरण असेल तर एक काळजी जास्त. पुष्कळ मोबाइल सेकंदाला चित्रांची संख्या कमी-जास्त करत राहतात. अशा फाइलींत पुढे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. ‘हँडब्रेक’सारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून त्या आधी एकाच स्थिर वेगाच्या करून घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ मूळ समजू नये. तो वाटेतच दाबला गेलेला असतो. मूळ फाइल केबलने घ्यावी.

४. आता प्रॉक्सी करावी. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती लहान दुकानाला पुरेशी आहे. त्यात प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचा आकार आणि प्रकार निवडावा. फोर-केसाठी ‘हाफ’ घेतले की फुल एचडी प्रॉक्सी होते, ‘क्वार्टर’ घेतले की तिच्याही निम्म्या लांबी-रुंदीची. मग मीडिया पूलमध्ये सर्व फाइली निवडून उजवी कळ दाबावी आणि ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ म्हणावे. ‘प्रीमियर प्रो’मध्ये फाइलींवर उजवी कळ, ‘प्रॉक्सी’, मग ‘क्रिएट प्रॉक्सीज’. विनामूल्य ‘केडेनलाइव्ह’मध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या प्रॉक्सी भागात ती सुरू करता येते.

५. हे काम रात्री लावून घरी जावे. वीज जाण्याची भीती असेल तर फाइली तीन-चार गठ्ठ्यांत कराव्यात, म्हणजे सगळी मेहनत वाया जात नाही.

६. सकाळी संकलनाला बसावे. प्लेबॅकच्या यादीत ‘प्रिफर प्रॉक्सीज’ निवडले की रिझॉल्व्ह नमुन्यावर काम करते, ‘प्रिफर कॅमेरा ओरिजिनल्स’ निवडले की मूळावर. प्रीमियरमध्ये ‘टॉगल प्रॉक्सीज’चे बटण प्रोग्रॅम मॉनिटरखाली आणून ठेवावे.

७. दोन गोष्टी नमुन्यावर ठरवू नयेत : रंग आणि स्पष्टता. छोट्या चित्रात किंचित धूसर दृश्यही चांगले दिसते. महत्त्वाचे दृश्य कायम करण्यापूर्वी मूळावर जाऊन डोळ्यांची रेषा स्पष्ट आहे का ते पाहावे.

८. अंतिम फाइल काढताना निर्यातीच्या पानावर प्रॉक्सी वापरण्याची चौकट रिकामी आहे ना, हे हाताने तपासावे. रिझॉल्व्हमध्ये ती ‘यूज प्रॉक्सी मीडिया’ आणि प्रीमियरमध्ये ‘यूज प्रॉक्सीज’ या नावाने असते. मग तयार फाइल मोठ्या टीव्हीवर पाहूनच ग्राहकाला द्यावी.

आमच्या दोन चुका

पहिली चूक सुधारता आली. एका वलीम्याची चित्रफीत घाईत काढताना ती चौकट भरलेली राहिली. आमच्या छोट्या पडद्यावर काही कळले नाही. ग्राहकाने घरी मोठा टीव्ही लावला तेव्हा सगळ्यांचे चेहरे जणू ओल्या काचेआडून दिसू लागले. त्यांचा फोन आला. मूळ फाइली जागेवर होत्या, म्हणून त्याच रात्री चौकट रिकामी करून नवी प्रत काढली आणि सकाळी नेऊन दिली. शरमिंदे झालो, पण नुकसान झाले नाही.

दुसरी चूक अजून भरून आलेली नाही. एका लग्नाचे चित्रीकरण तीन दिवसांचे होते. प्रॉक्सी झाल्या, काम सुरू झाले. मधेच डिस्क भरली म्हणून आमच्यापैकी एकाने मेंदीच्या दिवसाच्या मूळ फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या. दुसरी प्रत करायची राहून गेली. ती डिस्क टेबलावरून खाली पडली आणि पुन्हा चालू झाली नाही.

आम्हाला कळले नाही, कारण काम थांबलेच नाही. प्रॉक्सीचा खरा धोका येथे आहे. मूळ फाइल हरवली तरी नमुना पडद्यावर सुरळीत चालत राहतो. गोदाम जळाले तरी नमुन्यांची वही बगलेत शाबूत असते आणि व्यापारी सौदे करत राहतो, तसे झाले. दहा दिवसांनी अंतिम प्रत काढायला गेलो तेव्हा मेंदीचा भाग मूळ मागू लागला, आणि मूळ नव्हते.

त्या भागात नवरीच्या आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवून केलेली दुआ होती. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो आणि जे झाले ते सांगितले. त्या दिवसाचे पैसे परत केले. घरच्यांनी राग धरला नाही. प्रॉक्सीतून जेवढे निघाले तेवढे दिले. पुढच्या पावसाळ्यात आजी वारल्या. त्यांची चालती-बोलती तेवढीच आठवण आता त्या घरात आहे, आणि ती धूसर आहे. ती मुलगी माहेरी आली की दुकानावरून जाताना सलाम करते. आम्ही सलामाचे उत्तर देतो, पण मान वर होत नाही.

तेव्हापासून दुकानात नियम आहे. मूळ चित्रीकरण ही ग्राहकाची अमानत आहे. त्याच्या दोन प्रती दोन डिस्कवर. एक दुकानात, एक घरी. अंतिम चित्रफीत ग्राहकाने पाहून होकार देईपर्यंत दोन्हींपैकी एकही पुसायची नाही. त्यानंतर मूळ किती दिवस ठेवू, हे बयाणा घेतानाच पावतीवर लिहायचे. प्रॉक्सी केव्हाही पुसा, ती एका रात्रीत पुन्हा होते. हरवलेले मूळ कोणत्याही संगणकाने परत येत नाही.

प्रॉक्सी केव्हा करू नये?

प्रत्येक कामाला प्रॉक्सी लागत नाही. फुल एचडीत काढलेली दोन-चार मिनिटांची जाहिरात जुना संगणकही ओढतो. थोडेसेच अडखळत असेल तर आधी पडद्यावरील प्लेबॅकचा दर्जा ‘हाफ’ किंवा ‘क्वार्टर’ करून पाहावा. त्याला जागाही लागत नाही आणि वेळही. मात्र हा उपाय काम आकाराचे कमी करतो. फरकाच्या वहीची बेरीज-वजाबाकी तशीच राहते. काम मोठे, कॅमेरे अनेक आणि मुदत जवळ असेल तर प्रॉक्सीच करावी. आणि प्रॉक्सीवरही संगणक अडखळत असेल तर मात्र यंत्रात दोष आहे असे समजावे. आधी डिस्क आणि मेमरी तपासून घ्यावी.

काम करवून घेणाऱ्यांसाठी

आपले जे वाचक स्वतः व्हिडिओ करत नाहीत, पण दुकानाच्या, कारखान्याच्या किंवा घरच्या कार्यासाठी करवून घेतात, त्यांनी बयाणा देताना तीन प्रश्न विचारावेत. मूळ चित्रीकरणाच्या प्रती किती आणि कोठे ठेवता? मूळ फाइली आम्हाला देणार का, आणि केव्हापर्यंत ठेवणार? अंतिम चित्रफीत मूळावरून काढली हे मोठ्या टीव्हीवर दाखवणार का? प्रामाणिक कारागीर या प्रश्नांनी दुखावत नाही. शक्य असल्यास आपली डिस्क देऊन मूळ फाइली स्वतःकडे घ्याव्यात. सोने घडवायला दिले तर वजन लिहून घेतोच ना?

आमचा जुना संगणक अजून चालतो. सव्वा लाख वाचले, त्यातून थोडे खर्चून दोन डिस्क आणि एक यूपीएस घेतला. नव्या यंत्राची गरज पुढे लागेल तेव्हा घेऊ, पण कर्जाच्या धसक्याने नव्हे. ज्यांचा संगणक आज अडखळतो आहे त्यांनी दुकानदाराकडे जाण्यापूर्वी एका रात्रीपुरते हे करून पाहावे. मात्र प्रॉक्सीचे बटण दाबण्याआधी मूळाची दुसरी प्रत करावी. आम्ही तेवढे केले असते तर आज सलामाला मान वर करून उत्तर दिले असते.